फारकतीचा कागद पुरेसा नसतो: विदर्भातल्या खेड्यातून घटस्फोटाच्या कोर्टात जाताना

गावात 'फारकत झाली' असं म्हटलं की विषय संपतो. कायद्याच्या लेखी तिथे निदान पाच वेगळे प्रश्न उभे असतात. लग्न खरंच मोडलं का? खावटी कोण देणार? लेकरं कोणाकडे राहणार? लग्नातलं सोनं-भांडी कोणाची? आणि आज रात्री बाईने झोपायचं कुठे? यातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा, कायदा वेगळा आणि कधी कधी कोर्टही वेगळं असतं. घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत बाकीच्या गोष्टींसाठी थांबावं लागत नाही. घटस्फोट मागायचाच नसेल तरी खावटी मागता येते. माहेरी येऊन बसलेल्या कितीतरी लेकी कापसाचे दोन हंगाम नुसत्या वाट बघत काढतात, ते बहुतेक हेच कोणी सांगितलेलं नसतं म्हणून.

पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. बाईच्या बाजूने जास्त लिहिलंय, कारण खेड्यात जमीन, कागद आणि पैसा बहुधा दुसऱ्या बाजूला असतो. पुरुषांच्या कामाचं जे आहे तेही जागोजागी येईल.

आधी जीव, मग कागद

मारहाण होत असेल तर बैठकीची वाट पाहू नका. ११२ वर पोलीस येतात, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. लागलं असेल तर गावातल्या खासगी डॉक्टरकडे पट्टी करून घरी परतू नका. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा आणि मार कोणी, कशाने दिला ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. 'पाय घसरून पडली' असं एकदा लिहिलं गेलं की पुढे उलटतपासणीत तेच वाक्य तुमच्या तोंडावर वाचून दाखवतात.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे. त्याखाली महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. तो अधिकारी घटनेचा अहवाल करून तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवतो. थेट कोर्टातही अर्ज करता येतो. या एकाच अर्जात संरक्षण, राहायची सोय, महिन्याचा खर्च, लेकरांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई एवढं सगळं मागता येतं. म्हणून सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर मी याच अर्जाकडे बोट दाखवीन. सध्या माहेरी राहत असाल तर माहेरच्या तालुक्यातच तो करता येतो. 'घर सासऱ्याच्या नावावर आहे, हिचा काय संबंध' हे उत्तर हमखास येतं. पण लग्नानंतर बाई ज्या सामायिक घरात नांदली ते घर सासू-सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिचा राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता कागद. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, ग्रामसेवकाकडे नोंद केली असेल तर लग्नाचा दाखला, सगळ्यांचे आधार, लेकरांचे जन्मदाखले, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेची पासबुकं. सासरी राहिलेल्या कागदांपायी रडत बसू नका. जन्मदाखला ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून परत निघतो. नवऱ्याचा सातबारा आणि आठ-अ गट नंबर किंवा नाव माहीत असलं की महाभूमीच्या संकेतस्थळावरून कोणालाही काढता येतो. त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही, हे ऐकून पुष्कळ जणींना नवल वाटतं.

सोन्या-भांड्यांची यादी त्याच आठवड्यात करा. पोत, जोडवी, आंदणातलं कपाट, गोदरेज, आहेरातली भांडी, कोणी दिलं, कोणत्या सराफाकडून घेतलं, पावती कुठे आहे, लग्नाच्या कोणत्या फोटोत दिसतं. सहा महिन्यांनी यातलं अर्धं आठवत नाही.

स्टॅम्पपेपरवरची फारकत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर.

दोन्हीकडची मोठी माणसं बसतात, पोलीस पाटील किंवा तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष असतात, तहसील कचेरीसमोरच्या टेबलावर शंभराच्या, आता पाचशेच्या स्टॅम्पवर लिखाण होतं: 'आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत, यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही, दोघंही दुसरं लग्न करण्यास मोकळे आहेत.' पाच साक्षीदार, नोटरीचा शिक्का. गावाच्या मते घटस्फोट झाला.

हिंदू विवाह कायदा ज्यांना लागतो त्यांचा घटस्फोट फक्त कोर्टाच्या हुकूमनाम्याने होतो. नोटरीला लग्न मोडण्याचा अधिकार नाही. नोटरींनी लग्नाचे किंवा घटस्फोटाचे लेख करू नयेत, असं केंद्राच्या कायदा विभागाने २०२४ मध्ये बजावलंही आहे. तंटामुक्ती समिती समेट घडवू शकते, घटस्फोट देऊ शकत नाही. जातपंचायतीने दंड लावला किंवा घराशी बोलणं-चालणं, रोटी-बेटी बंद केली तर तो महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

एक अपवाद आहे. जातीत किंवा जमातीत फारकतीची जुनी, अखंड चालत आलेली रूढी असेल तर तिला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने मान्यता ठेवली आहे. पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि 'आमच्यात असंच चालतं' एवढ्या म्हणण्याने ती सिद्ध होत नाही.

या कागदाचा फटका कोणाला बसतो ते पाहा. अशा कागदावर विसंबून बाईचा पाट लावून दिला, आणि वर्षभराने दुसऱ्यानेही टाकली. आता त्याच्याकडे खावटी मागायला गेली की तो म्हणतो, हिचं पहिलं लग्न मोडलेलंच नाही, म्हणजे माझ्याशी झालेलं लग्न रद्दबातल आहे. पूर्वी कोर्टं बऱ्याच वेळा त्याच्या बाजूने झुकायची. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात बाईला खावटी दिली, पण त्यासाठी भांडावं तर लागतंच. पुरुषाचीही सुटका नाही. पहिलं लग्न टिकून असताना दुसरं करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या दुसऱ्या संसारातली लेकरं मात्र कायद्याने औरसच धरली जातात.

आणखी एक बारीक काटा त्या 'राजीखुशीने वेगळे' शब्दांत असतो. दोघं परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर फौजदारी प्रक्रियेखालची खावटी (जुनं कलम १२५, आता १४४) मिळत नाही, असं त्या कलमातच लिहिलं आहे. नवऱ्याचा वकील तोच स्टॅम्प कोर्टापुढे ठेवतो. तेव्हा बैठकीत बसा, चहा प्या, समेट होत असेल तर करा. पण सही करण्याआधी तो कागद विधी सेवा समितीच्या वकिलाला दाखवा. सही आधीच होऊन गेली असेल तर घाबरून जाऊ नका. 'खावटीचा हक्क सोडला' असं लिहून दिल्याने तो हक्क सरसकट बुडत नाही, आणि लेकरांचा तर आई-बापाला सोडूनच देता येत नाही.

तुम्हाला कोणता कायदा लागतो

हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागतो. विदर्भात बौद्ध घरं मोठ्या संख्येने आहेत आणि 'आपल्याला हिंदूंचा कायदा कसा' हा प्रश्न रास्त वाटतो, पण सध्याच्या कायद्यात उत्तर हेच आहे.

गोंड, कोलाम, कोरकू, परधान, माडिया अशा अनुसूचित जमातींना मात्र हा कायदा आपोआप लागत नाही. कलम २(२) ने त्यांना वगळलं आहे. त्यांचं लग्न आणि सोडचिठ्ठी जमातीच्या रूढीने चालते, वाद झाला तर दिवाणी कोर्टात ती रूढी शाबीत करावी लागते. मेळघाटातल्या किंवा केळापूरकडच्या बाईने वकिलाला आपली जमात पहिल्याच भेटीत सांगावी. चुकीच्या कायद्याखाली दाखल झालेला अर्ज दोन वर्षांनी फेटाळला जाण्यात कोणाचंच भलं नाही. खावटी आणि कौटुंबिक हिंसाचाराचे कायदे मात्र सगळ्या जाती-धर्मांना, आदिवासींनाही, सारखेच लागतात.

मुस्लिम बाईला १९३९ च्या कायद्याने कोर्टातून तलाक घेता येतो. खुला (बायकोने मागून घेतलेला तलाक) आणि मुबारात (दोघांच्या संमतीचा तलाक) या वाटाही आहेत. एका दमात तीनदा तलाक म्हटल्याने लग्न मोडत नाही. २०१९ पासून तो गुन्हा आहे. तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही सर्वसाधारण कायद्याखाली खावटी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. विशेष विवाह कायद्याने नोंदणी लग्न केलेल्यांचा घटस्फोट त्याच कायद्याने होतो, धर्म कोणताही असो.

वकील आणि कोर्ट

नागपूर, अमरावती, अकोला अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. ते जिथे नाही तिथे घटस्फोटाची याचिका वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जाते. खावटीचा आणि हिंसाचाराचा अर्ज तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे चालतो. म्हणजे वणीच्या किंवा मेहकरच्या बाईला खावटीसाठी जिल्ह्याला खेटे घालायची गरज नसते. हिंदू विवाह कायद्याखाली बायको अर्जदार असेल तर ती सध्या राहते त्या ठिकाणच्या कोर्टात घटस्फोट मागू शकते. नवऱ्याने लांबच्या कोर्टात दावा लावला असेल तर तो आपल्याकडे वर्ग करून मागता येतो, आणि अशा अर्जात कोर्ट बाईच्या सोयीचा विचार करतं.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाई, लहान मूल आणि अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता फुकट वकील मिळतो. इतर पुरुषांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. तालुका कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, जिल्ह्याला प्राधिकरणाचं, आणि १५१०० वर फोन करूनही माहिती मिळते. खावटी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फी माफ आहे. शासनाची ती अधिसूचना १९९४ ची आहे, तरी आजही 'स्टॅम्पाचे पैसे आणा' असं सांगणारे भेटतात. शांतपणे विचारा, कशाचा स्टॅम्प?

पेशीच्या तारखेसाठी वकिलाच्या कारकुनाला दहा फोन लावायची वेळ आता राहिलेली नाही. प्रकरण दाखल झालं की १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं दिसतं. मूल दहावीला असेल तर हे काम त्याच्यावर टाकू नका, शेजारच्या कॉलेजच्या पोराला सांगा.

समन्स घेऊन बेलिफ आला की दार लावून घेणाऱ्यांसाठी एक वाक्य: समन्स नाकारल्याने दावा थांबत नाही, एकतर्फी निकाल लागतो. तुम्हाला न कळता एकतर्फी घटस्फोट झाला असेल तर तो रद्द करून घ्यायचा अर्ज सर्वसाधारणपणे ३० दिवसांत करावा लागतो. समन्स नीट बजावलंच नसेल तर ते दिवस कळल्यापासून मोजले जातात. ज्या दिवशी कळलं ती तारीख लिहून ठेवा.

'नांदायला ये' अशी नोटीस किंवा दावा आला तर तो घटस्फोट नाही. त्याचं उत्तर द्यायचं, का जाऊ शकत नाही ते लिहायचं. नांदण्याचा हुकूम झाल्यावरही बाई योग्य कारणाने गेली नाही तर निव्वळ तेवढ्यावरून तिची खावटी बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीला म्हटलं आहे.

खावटी

जुनं कलम १२५ सगळ्यांच्या तोंडी आहे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. बायको, लहान मुलं, आणि म्हातारे आई-बापसुद्धा याखाली अर्ज करू शकतात. घटस्फोट झालेली बाईही दुसरं लग्न करेपर्यंत मागू शकते. सगळ्यात आधी अंतरिम खावटीचा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निकाल व्हावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात कोर्टाच्या गर्दीमुळे जास्त वेळ लागतो, पण मागितल्याशिवाय तर मिळतच नाही.

किती मिळेल? पगाराच्या अमुक टक्के असा आकडा कायद्यात कुठेही नाही. कोर्ट दोघांचं उत्पन्न, जबाबदाऱ्या आणि सासरचं राहणीमान बघतं. २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही आपल्या मालमत्तेचं आणि देण्यांचं शपथपत्र भरणं बंधनकारक केलं, आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही सांगितलं. म्हणजे अर्ज एक महिना उशिरा केला की एका महिन्याचे पैसे गेले. आधी दुसऱ्या कायद्याखाली खावटी मिळत असेल तर तेही शपथपत्रात लिहावं लागतं. लपवलं तर उघडं पडतं.

आपल्याकडचा खरा पेच पगाराचा नसतोच. नवरा शेतकरी, सातबारा सासऱ्याच्या नावावर, आणि कोर्टात म्हणणं एकच: 'साहेब, नापिकी आहे, कर्ज आहे, मी बापाच्या शेतात मजुरी करतो.' नापिकी खरी असू शकते, विदर्भात ते सांगायला नको. पण चित्र पूर्ण असावं लागतं, आणि ते तुम्हालाच उभं करावं लागतं. कापूस कोणत्या जिनिंगला किंवा खरेदी केंद्रावर गेला, सोयाबीन बाजार समितीत कोणाच्या नावावर विकलं, ट्रॅक्टर कोणाचा, तो भाड्याने चालतो का, विहिरीवर मोटर आहे का, संत्र्याचा बगिचा किती झाडांचा, गाडीवर ड्रायव्हर म्हणून जातो का, पीकविम्याचे आणि पीएम किसानचे पैसे कोणत्या खात्यात येतात. यातलं जे माहीत आहे ते अर्जात लिहा. ज्याचा कागद तुमच्याकडे नाही तो बँकेकडून किंवा बाजार समितीकडून मागवा, असा अर्ज वकिलाकडून करून घ्या. धडधाकट नवऱ्याने प्रसंगी अंगमेहनत करूनही बायको-लेकरांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलेलं आहे. त्यामुळे 'काहीच कमावत नाही' हे म्हणणं आता तितकंसं चालत नाही.

बाईलाही उलट विचारतात: तू निंदणाला जातेस ना? जात असाल तर हो म्हणा. रोजमजुरी करते म्हणून खावटी नाकारता येत नाही, आकडा ठरवताना तेवढी धरतात. खोटं बोलून पकडलं गेलं की मग खऱ्या गोष्टीवरही कोर्टाचा विश्वास बसत नाही.

घटस्फोटाच्या दाव्यातच चालू खर्च आणि दाव्याचा खर्च हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली, आणि निकालाच्या वेळी कायमची पोटगी कलम २५ खाली मागता येते. ही दोन कलमं नवऱ्यालाही खुली आहेत. कमावत्या बायकोकडून अपंग किंवा आजारी नवरा खर्च मागू शकतो.

हुकूम झाला आणि पैसे येत नाहीत, हे नेहमीचं. थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज करा. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत तो करावा लागतो, म्हणून 'दिवाळीला एकदम देतो' यावर दोन दिवाळ्या काढू नका. कोर्ट जप्तीचं वॉरंट काढू शकतं, आणि तरीही भरलं नाही तर थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. पुरुषांसाठी सल्ला: हातात रोख देऊ नका, खात्यावर पाठवा. भांडणात 'दिले होते' हे सिद्ध करायला तोच एक कागद उरतो.

घटस्फोटाच्या दोन वाटा

दोघांचं ठरलं असेल तर परस्पर संमतीची याचिका. अटी दोनच मोठ्या: वर्षभर वेगळे राहत असावेत, आणि दोघांची खरी संमती असावी. याचिका दाखल झाल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहून संमती सांगायची, तीही १८ महिन्यांच्या आत. हे सहा महिने प्रत्येक वेळी थांबावंच लागतं असं नाही. २०१७ च्या अमरदीप सिंग प्रकरणानंतर, दीड वर्ष आधीच वेगळं राहणं झालं असेल आणि पोटगी, ताबा, वस्तू यांचा सगळा निकाल आपसात लागला असेल तर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. हुकूमनाम्यापर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. म्हणून एकरकमी रकमेचा काही भाग पहिल्या तारखेला आणि उरलेला शेवटच्या जबाबाच्या दिवशी, डीडीने, असं ठरवणं दोघांच्याही फायद्याचं.

एकाला नको असेल तर कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, दोन वर्षं सोडून देणं, व्यभिचार, धर्मांतर, सात वर्षं पत्ता नसणं वगैरे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सहसा याचिका घेत नाहीत. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ मध्ये कायद्यातून काढून टाकलं. आनंदवन आणि तपोवन हे कुष्ठरोग्यांचे आश्रम ज्या मुलखात उभे राहिले तिथे ही गोष्ट आणखी आधी व्हायला हवी होती, असं मला वाटतं. बाईला काही जास्तीची कारणं आहेत. पंधरा वर्षांच्या आत लग्न लावून दिलं असेल आणि अठराच्या आत तिने ते नाकारलं असेल तर तेवढ्यावर घटस्फोट मागता येतो. खावटीचा हुकूम झाल्यावर वर्षभर दोघं एकत्र आले नसतील तर तेही कारण धरतात.

ही वाट लांबची आहे. कोर्ट मध्यस्थीला पाठवतं. जायला हरकत नाही, तिथे बोललेलं पुराव्यात वापरत नाहीत.

आणि एक गोष्ट जी कोणीच बोलत नाही. दावा चालू असताना नवऱ्याने जीव दिला किंवा तो वारला, तर घटस्फोट झालेला नसल्याने ती बाई कायद्याने विधवाच आहे आणि हिंदू उत्तराधिकारात पहिल्या वर्गाची वारस आहे. 'ती तर माहेरी गेली होती' म्हणून वारसाच्या फेरफारातून तिचं नाव गाळतात. तलाठ्याकडे आणि मंडळ अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घ्या.

लेकरं

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. पुढे कोर्ट एकच बघतं: मुलाचं भलं कशात आहे. 'पोरगा आमच्या वंशाचा' हा मुद्दा कोर्टात चालत नाही, आणि 'आईकडे शेत नाही' हासुद्धा नाही. शेत बापाकडे असेल तर खर्च त्याने द्यावा. ज्याच्याकडे मूल नाही त्याला भेटीचा हक्क असतो. खावटी थकली म्हणून भेट अडवू नका आणि भेट अडली म्हणून खावटी थांबवू नका, दोन्ही वेगळे अर्ज आहेत. भेटीची जागा, वार, वेळ, पोळा-दिवाळी कोणाकडे, उन्हाळ्याच्या सुट्ट्या कोणाकडे, हे तडजोडीत जितकं बारीक लिहाल तितकी पुढची भांडणं कमी.

आता एक खास महाराष्ट्रातली अडचण, जी दहा वर्षांनी उगवते. जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला बापाकडचे कागद लागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीच्या वास्तव्याचे आणि जातीच्या नोंदीचे पुरावे. पोरगी बारावी होऊन नर्सिंगला लागते आणि तेव्हा आजोबाचा शाळेचा दाखला मागायला मोडलेल्या सासरच्या दारात उभं राहावं लागतं. म्हणून तडजोडीच्या अटींतच लिहून घ्या: वडिलांनी आपला आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र आणि घरात कोणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत अमुक तारखेपर्यंत द्यावी. पोटगीच्या आकड्यावर तासभर घासाघीस होते आणि या ओळीची आठवण कोणालाच राहत नाही.

सोनं, शेत, कर्ज

स्त्रीधन बाईचं असतं, ते सासरी कपाटात ठेवलं म्हणून सासरचं होत नाही. १९८५ च्या प्रतिभा राणी प्रकरणापासून हे पक्कं आहे. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबद्दलही घटस्फोटाच्या दाव्यात मागणी करता येते.

शेताबद्दल मात्र गैरसमज फार. नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा आपोआप अर्धा वाटा नसतो, आणि घटस्फोटानंतर ती त्याची वारसही राहत नाही. मुलं राहतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलामुलींचा जन्माने असलेला हक्क आई-बापाच्या घटस्फोटाने जात नाही, म्हणून सौद्याच्या भरात 'मुलांचाही हक्क सोडला' असं लिहून देऊ नका. पोटगीत जमीन मिळत असेल तर तोंडी ताबा घेऊन पेरणीला लागू नका. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, मग फेरफार, मग सातबाऱ्यावर नाव. त्याआधी बघा की जमीन वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा आदिवासीची तर नाही, त्यावर सोसायटीचा बोजा किती आहे, आणि तुकडा इतका लहान तर नाही की तुकडेबंदी कायदा आड येईल.

बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा गेला बियाण्याला, हे घरोघरी आहे. घटस्फोटाने ते कर्ज फिटत नाही, वसुलीवाला माहेरी येतो. हप्ते कोण भरणार हे तडजोडीत लिहा आणि खावटीच्या शपथपत्रातही देण्यांच्या रकान्यात दाखवा.

निकालानंतर

नक्कल विभागातून हुकूमनाम्याच्या दोन-तीन प्रमाणित नकला काढून ठेवा. वादातून झालेल्या निकालावर अपिलाची मुदत ९० दिवस आहे. ती संपेपर्यंत, आणि अपील झालं असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, दुसऱ्या लग्नाची सुपारी फोडू नका.

नकला हातात आल्या की तहसीलच्या पुरवठा शाखेत जुन्या रेशनकार्डातून नाव कमी करून वेगळं कार्ड, ग्रामपंचायतीत वेगळं जॉबकार्ड, बँकेत वारसदाराचं नाव बदलणं ही कामं करून घ्या. पोटगी मिळत नसलेल्या घटस्फोटित आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या गरीब बायकांना संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे आणि अर्ज तहसीलला होतो. लाडकी बहीण योजनेतही घटस्फोटित आणि परित्यक्ता बसतात, पण दोन्हीकडचे पैसे एकदम घेता येत नाहीत. एकट्या पालकाच्या मुलांसाठी बाल संगोपन योजनेतून दरमहा २२५० रुपये मिळतात. तो अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा असतो. या अर्जांना घटस्फोटाची नक्कल किंवा चालू दाव्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारला जोडलेलं बाईच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. बापाचा किंवा भावाचा खाते नंबर देऊ नका. खातं नसेल तर तहसीलला जाण्याच्या आधी ते उघडा.